घटनांचे वर्गणीदार : संकेतस्थळावरील विजेट आणि आपले पान

४.१ प्रास्ताविक

संकेतस्थळासाठी मजकूर कसा लिहावा, याचा विचार आपण मागील घटकात केला. आता त्याच पानावर, मजकुराच्या शेजारी बसणाऱ्या एका परक्या वस्तूकडे वळू. एखाद्या अभ्यासकेंद्राच्या संकेतस्थळावर संतसाहित्यावरील लेख आहे आणि लेखाच्या मध्यभागी त्याच विषयावरील व्याख्यानाची यूट्यूब-चित्रफीत आहे. लेख आपला आहे. चित्रफितीची चौकट मात्र आपली नाही. ती यूट्यूबच्या संगणकावरून येते, तेथील नियमांनी चालते आणि केवळ दिसायला आपल्या पानावर असते. दुसऱ्याच्या सेवेचा असा जो तुकडा आपण आपल्या पानावर बसवतो, त्याला विजेट म्हणतात.

मराठी विषयाच्या विद्यार्थ्याने हे का शिकावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. या विजेटची संहिता बहुधा तुम्ही लिहिणार नाही. ती तांत्रिक साहाय्यक लिहील. परंतु ई-नियतकालिकाचे संपादक, अभ्यासकेंद्राचे समन्वयक किंवा ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे काम पाहणारे म्हणून एक दिवस तुमच्यापुढे एक तक्ता येईल. त्यात लिहिलेले असेल : व्याख्यान इतक्या वेळा पाहिले गेले, इतक्यांनी पूर्ण पाहिले. त्या तक्त्यावरून कोणते व्याख्यान ठेवायचे, कोणते काढायचे, कोणत्या विद्यार्थ्याची उपस्थिती धरायची, हे ठरेल. तो तक्ता ज्या शब्दांतून तयार होतो ते शब्द वाचता येणे हे वाचनाचेच काम आहे, आणि वाचन हा आपला विषय आहे.

४.२ परक्या घरातील आवाज

आपल्या पानाला त्या चौकटीच्या आत डोकावून पाहता येत नाही. तांत्रिक भाषेत या चौकटीला आयफ्रेम म्हणतात. एका ठिकाणाहून आलेल्या पानाने दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या पानाच्या आतील मजकूर वाचू नये, असा ब्राउझरचा दंडक आहे. हा दंडक नसता तर कोणत्याही फसव्या पानाला त्याच्या पोटात उघडलेले तुमचे बँकेचे पान वाचता आले असते. तेव्हा भिंत आवश्यकच आहे. पण भिंतीपलीकडे व्याख्यान सुरू झाले की थांबले, हे आपल्याला कळणार कसे?

त्यासाठी भिंतीत एक छोटी खिडकी ठेवलेली असते. दोन्ही बाजूंची पाने तिच्यातून एकमेकांना निरोप देऊ शकतात. मात्र काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. या निरोपांची देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून सेवा देणारी कंपनी जावास्क्रिप्ट या भाषेतील एक तयार साहित्यसंच देते. हा संच आपल्या पानावर आणला की निरोपांचे व्यवहार तो सांभाळतो. आपण त्याला फक्त एवढेच सांगायचे की, अमुक घडले की मला कळव. चौकटीत जे घडते त्याला 'घटना' किंवा व्यवहारातील शब्द वापरायचा तर 'इव्हेंट' म्हणतात, आणि ते कळावे म्हणून आपले नाव नोंदवणे म्हणजे त्या घटनेला 'सबस्क्राइब' करणे.

४.३ वर्गणीदार होणे

'सबस्क्राइब' या शब्दापाशी थोडे थांबू. आज तो शब्द घंटीचे चिन्ह असलेल्या बटणाला चिकटला आहे. परंतु मराठीत त्यासाठी 'वर्गणीदार होणे' हा जुना आणि नेमका शब्दप्रयोग आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. तेव्हापासून सुरू झालेल्या मराठी नियतकालिकांच्या परंपरेत वर्गणीदार ही व्यक्ती आपल्याला सतत भेटते. वर्गणीदार रोज छापखान्यात जाऊन 'अंक निघाला का?' असे विचारत नाही. तो एकदाच दोन गोष्टी कळवतो : कोणते नियतकालिक हवे आणि ते कोणत्या पत्त्यावर पाठवायचे. पुढे अंक निघाला की तो आपोआप घरी येतो.

घटनेची नोंदणी नेमकी अशीच असते. आपण दोन गोष्टी देतो : घटनेचे नाव, आणि ती घडल्यावर जे काम करायचे त्या कामाचे नाव. अशा कामाच्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. येथे त्याची भूमिका पत्त्याची आहे. क्रियापदे मात्र संचागणिक वेगळी असतात. फेसबुकच्या संचात या कृतीचे नावच 'सबस्क्राइब' आहे, ट्विटरच्या संचात ते 'बाइंड' होते, तर यूट्यूबच्या संचात 'ॲड-इव्हेंट-लिसनर', म्हणजे 'ऐकणारा नेमा', असे आहे. हे शेवटचे नाव ब्राउझरच्या स्वतःच्या व्यवहारातून आलेले आहे. २००० सालच्या डॉम पातळी २ या प्रमाणकात ते आढळते. शब्द कोणताही असो, करार तोच. (ही सर्व नावे येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संहितेत ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळूनच लिहावी लागतात.)

वर्गणीदाराचे रूपक हाताशी आले की नवशिक्यांच्या बहुतेक चुका आपोआप उलगडतात. नियतकालिकाचे नाव चुकीचे लिहून वर्गणी पाठवली तर अंक येणार नाही. ब्राउझरच्या बाबतीत तर अशी नोंदणी निमूटपणे स्वीकारली जाते. 'या नावाची घटनाच नाही' असे कोणी सांगत नाही आणि आपण वाट पाहत बसतो. दुसरी चूक अधिक गमतीची आहे. फंक्शनच्या नावापुढे कंस घातला की त्याचा अर्थ 'हे काम आत्ता कर' असा होतो. नुसते नाव लिहिले तर 'या कामाचा पत्ता हा' असा. नोंदणी करताना सवयीने कंस घातला जातो आणि पत्ता देण्याऐवजी आपण घरातील माणसालाच छापखान्यात पाठवून मोकळे होतो. अंक येतो तेव्हा दार उघडायला कोणी नसते.

वर्गणी बंद करतानाही ज्या पत्त्याने नोंद केली तोच पत्ता कळवावा लागतो. पुष्कळदा फंक्शनला नाव न देता ते नोंदणीच्या ओळीतच लिहून टाकतात. पुढे ती नोंदणी रद्द करायची वेळ येते तेव्हा कोणाची रद्द करायची हे सांगता येत नाही, कारण दुसऱ्यांदा लिहिलेले तसेच निनावी फंक्शन संगणकाच्या दृष्टीने वेगळे असते. पान पुन्हा पुन्हा रचले जात असेल आणि प्रत्येक वेळी नवी निनावी नोंदणी होत असेल, तर एकाच घटनेची पाच-पाच टिपणे तक्त्यात पडतात. एकाच घरात एकाच अंकाच्या पाच प्रती येऊ लागल्या तर आपण लगेच चौकशी करू. तक्त्यातील फुगवटा मात्र यश म्हणून मिरवला जातो.

४.४ वर्गणीपूर्वीचे अंक मिळत नाहीत

या घटकातील सर्वांत नाजूक भाग वेळेचा आहे. मार्चमध्ये वर्गणीदार झालेल्याला फेब्रुवारीचा अंक येत नाही. त्याचप्रमाणे, नोंदणी होण्यापूर्वी घडलेली घटना नोंदणीदाराला सहसा कळवली जात नाही. संच आपल्या पानावर येण्यास वेळ लागतो. जोडणी मंद असेल तर बराच. तेवढ्यात वाचकाने चित्रफीत सुरू केली तर तो आरंभ आपल्या हिशेबात कधीच येणार नाही.

यूट्यूबच्या संचाने यासाठी एक क्रम घालून दिला आहे. संच पूर्ण उतरला की तो आपल्या पानावर ठरावीक नावाचे एक फंक्शन शोधतो आणि त्याला हाक मारतो. ते नाव लांबलचक आहे, 'ऑन-यूट्यूब-आयफ्रेम-एपीआय-रेडी', आणि त्यात एका अक्षराचाही फरक चालत नाही. हे फंक्शन पानाच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर, उघड्यावर असावे लागते. दुसऱ्या फंक्शनच्या पोटात लपवले तर संचाला ते सापडत नाही. या हाकेनंतरच आपण चित्रफितीचा खेळिया, म्हणजे प्लेअर, तयार करायचा आणि तयार करतानाच आपल्या नोंदण्या त्याच्या हाती द्यायच्या. पुढे खेळिया सज्ज झाला की 'ऑन-रेडी' ही घटना येते. त्याआधी त्याला 'सुरू हो', 'थांब' अशा आज्ञा देणे व्यर्थ असते. आयफ्रेम आपण स्वतः हाताने लिहिली असेल तर तिच्या पत्त्यात 'एनेबल-जेएस-एपीआय' हा निर्देश १ या मूल्यासह असावा लागतो. तो नसेल तर खिडकी बंदच राहते.

४.५ सहा अंकांची भाषा

आता मुख्य घटनेकडे येऊ. तिचे नाव 'ऑन-स्टेट-चेंज', म्हणजे 'अवस्था बदलली'. प्रत्येक वेळी ती सोबत एक अंक आणते. −१ म्हणजे अजून सुरुवात नाही. ० म्हणजे समाप्त. १ म्हणजे चालू. २ म्हणजे थांबवलेली. ३ म्हणजे पुढील भाग उतरण्याची वाट पाहत खोळंबलेली. आणि ५ म्हणजे चित्रफीत मांडून ठेवली आहे, पण सुरू केलेली नाही. (४ हा अंक यादीत नाही, तो तुमच्या नजरेतून सुटलेला नाही.) याशिवाय वेग बदलल्याची, चित्राचा दर्जा बदलल्याची आणि चूक झाल्याची अशा वेगळ्या घटना आहेत. चुकांपैकी दोन प्रकार संपादकाने ओळखावेत. १०० म्हणजे चित्रफीत काढून टाकली आहे किंवा खाजगी केली आहे. १०१ आणि १५० या दोन्हींचा अर्थ एकच, मालकाने ती इतरांच्या पानावर दाखवण्यास परवानगी दिलेली नाही. वाचकाला काळी चौकट दिसत असताना आपल्या संकेतस्थळाला त्याचा पत्ताही नसावा, हे टाळायचे असेल तर या चुकांच्या घटनेचे वर्गणीदार व्हावे.

सहा अंकांची ही भाषा दिसते सोपी. पण तिच्यावरून वाक्य रचताना जपावे लागते. दोन श्रोते कल्पनेने समोर आणू. व्याख्यान ३० मिनिटांचे आहे. पहिली श्रोती नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याजवळच्या एका पाड्यावर राहते. दिवसभराचे काम आटोपून ती रात्री व्याख्यान लावते. तेथे जोडणी अशक्त आहे, त्यामुळे चित्रफीत सहा वेळा खोळंबते. टिपण घेण्यासाठी ती स्वतः दोन वेळा थांबवते. सत्ताविसाव्या मिनिटाला वक्ता विषय संपवून आभाराकडे वळतो, तेव्हा ती पान बंद करते. दुसरा श्रोता पहिली ४० सेकंदे ऐकतो, मग बोटाने रेघ सरकवून एकोणतिसाव्या मिनिटावर जातो आणि शेवटची ६० सेकंदे ऐकतो.

आता तक्ता तयार करणाऱ्याने सरळधोपट नियम केला आहे : १ आला की 'एकदा पाहिले', ० आला की 'पूर्ण पाहिले'. पहिल्या श्रोतीच्या बाबतीत आरंभीचा एक, प्रत्येक खोळंब्यानंतरचे सहा आणि स्वतः थांबवल्यानंतरचे दोन, असे नऊ वेळा १ येतात. ० एकदाही येत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत १ दोनदा येतो आणि शेवटी ० येतो. तक्त्याचे म्हणणे असे होते : व्याख्यान अकरा वेळा पाहिले गेले, त्यांपैकी एकदा पूर्ण. जिने २७ मिनिटे, म्हणजे १,६२० सेकंदे ऐकले, तिची नोंद 'अपूर्ण'. ज्याने एकूण १०० सेकंदे ऐकली, तो 'पूर्ण'. तक्त्यातील एकही अंक खोटा नाही, तरी त्यावरून उपस्थिती ठरवली तर अन्याय तिच्यावरच होईल, आणि तोही तिची जोडणी खराब असताना तिने चिकाटी दाखवल्यानंतर. खोळंब्यांमुळे फुगलेला 'नऊ' हा आकडा तर लोकप्रियता म्हणून वर दाखवला जाईल.

थांबा आणि विचार करा : 'समाप्त' या शब्दाचे दोन अर्थ येथे एकमेकांत मिसळले आहेत. चित्रफितीच्या दृष्टीने समाप्त म्हणजे काय? श्रोत्याच्या दृष्टीने समाप्त म्हणजे काय? पुढे वाचण्यापूर्वी दोन वाक्यांत लिहा.

४.६ हिशेब नीट कसा मांडावा

पहिली दुरुस्ती सोपी आहे. एका भेटीत १ कितीही वेळा आला तरी 'सुरू केले' अशी नोंद एकदाच करावी. पहिली नोंद झाल्यावर खूण करून ठेवावी आणि पुढील १ आले की खूण पाहून सोडून द्यावेत. दुसरी दुरुस्ती अधिक विचार मागते. 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' असे विचारण्याऐवजी प्रत्यक्ष किती वेळ ऐकले, हे विचारावे. १ आला की वेळ टिपायची, त्यानंतर २, ३ किंवा ० आला की मधला कालावधी बेरजेत घालायचा.

येथे एक खड्डा आहे. कोणती वेळ टिपायची? चित्रफितीतील स्थान विचारण्याची सोय संचात आहे, म्हणून अनेकजण तेच टिपतात. परंतु आपल्या दुसऱ्या श्रोत्याने रेघ सरकवल्यानंतर जेव्हा पुढील घटना आपल्यापर्यंत येते, तेव्हा चित्रफितीचे स्थान एकोणतिसाव्या मिनिटावर पोहोचलेले असू शकते. वजाबाकी केली की त्याने २९ मिनिटे ऐकले असे निघते! त्यापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाची, म्हणजे संगणकाची वेळ टिपणे चांगले. तीत रेघ सरकवण्याला काही किंमत नाही. मात्र दुप्पट वेगाने ऐकणाऱ्याचे ३० मिनिटांचे व्याख्यान घड्याळाने १५ मिनिटांत संपते. त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून वेग बदलल्याच्या घटनेचेही वर्गणीदार व्हावे लागते.

आणखी एक घटना आहे, जी येतच नाही. श्रोतीने चित्रफीत चालू असतानाच पान बंद केले तर २ किंवा ० येईल असे धरून चालता येत नाही. निरोप देणारे घरच उठून गेलेले असते. शेवटचा तुकडा अशा वेळी बेरजेतून गळतो. म्हणून चित्रफीत चालू असेपर्यंत दर १५ सेकंदांनी स्वतःच्या गजराने थोडी थोडी बेरीज करत राहणे हा व्यवहार्य मार्ग आहे. यूट्यूबचा संच दर क्षणाला 'आता येथे पोहोचलो' अशी घटना पाठवत नाही. स्थान हवे असेल तर आपणच विचारत राहावे लागते. म्हणजे वर्गणीदारालाही कधीकधी छापखान्यात खेप घालावी लागते. या लेखकाच्या मते हा दोष नसून शहाणपणाची तडजोड आहे, कारण प्रत्येक क्षणाचा निरोप पाठवत बसले तर मंद जोडणीवर निरोपांचेच ओझे होईल.

४.७ प्रकाशक आणि वर्गणीदार यांच्यातील असमानता

घटनांची यादी आपण ठरवत नाही. विजेटची कंपनी ठरवते. ती उद्या एखादी घटना पाठवणे बंद करू शकते, आणि वर्गणीदाराच्या हाती काही राहत नाही. गुगल प्लस ही सेवा २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाली. तिच्या 'प्लस वन' बटणाला जोडलेली फंक्शने त्या दिवसानंतरही कित्येक पानांत तशीच राहिली. त्यांना हाक मारणारे कोणी उरले नव्हते, एवढेच. म्हणून आपल्या पानाचा आवश्यक भाग, उदाहरणार्थ लेखाचा मजकूर किंवा पुढील पाठाचा दुवा, परक्या घटनेवर अवलंबून ठेवू नये. 'चित्रफीत समाप्त झाली की पुढील पाठ उघडेल' अशी रचना वरवर आकर्षक असली, तरी सत्ताविसाव्या मिनिटाला उठलेल्या श्रोतीसाठी तो पाठ बंदच राहतो.

दुसरी असमानता आपल्या आणि श्रोत्याच्या मधली आहे, आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. कोणी कधी थांबले, कोठे मागे गेले, किती वाजता ऐकले, याची टिपणे त्या व्यक्तीच्या नावाशी जोडली की ती वैयक्तिक माहिती होते. भारतात 'डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम' २०२३ मध्ये संमत झाला असून संमती आणि माहिती गोळा करण्याचा हेतू सांगणे या गोष्टी त्याच्या केंद्रस्थानी आहेत. कायद्याची कलमे हा या घटकाचा विषय नाही. परंतु त्या संमतीचे वाक्य मराठीत कोण लिहिणार? बहुधा तुम्हीच. 'आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आम्ही काही माहिती वापरतो' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि त्यातून काहीही कळत नाही. 'तुम्ही हे व्याख्यान किती मिनिटे ऐकले याची नोंद आम्ही ठेवतो. ती उपस्थितीसाठी वापरत नाही' या वाक्यातून कळते. दुसरे वाक्य लिहायचे तर कोणत्या घटनांची नोंदणी केली आहे, हे आधी तांत्रिक साहाय्यकाला विचारावे लागते. हा घटक वाचल्यावर तो प्रश्न त्याच्या भाषेत विचारता यावा.

४.८ स्वाध्याय

एका भेटीतील 'अवस्था बदलली' या घटनेची टिपणे पुढीलप्रमाणे आहेत. वेळा संगणकाच्या घड्याळातील आहेत. १०:०० वाजता १. १०:०४ वाजता २. १०:०९ वाजता १. १०:१५ वाजता ३. त्यानंतर अर्ध्या मिनिटाने १. आणि १०:२१ वाजता ०. व्याख्यान २० मिनिटांचे आहे. वेग बदलल्याच्या घटनेची नोंदणी केलेली नव्हती.

(अ) श्रोत्याने प्रत्यक्ष किती वेळ ऐकले, ते काढा.

(आ) तुमचे उत्तर २० मिनिटांपेक्षा कमी असूनही ० कसा आला, याची किमान दोन कारणे द्या. १०:१५ च्या ३ या अंकाकडे विशेष लक्ष द्या.

(इ) या टिपणांवरून श्रोत्याविषयी जे निश्चित सांगता येते आणि जे सांगता येत नाही, ते दहा ओळींत लिहा.